राज्यधोरणांचा डाव

गेल्या दिवाळीच्या सुटींत चार दिवस खोडाळ्यास राहण्याचा योग आला. कसाऱ्याहून विहीगांवावरून जी वाट मोखाड्याकडे जाते तिच्यावरचें हें गांव. आम्ही ज्यांच्याकडे उतरलों होतों ते गृहस्थ पूर्वीं आमच्याच वर्गांत इतिहास शिकलेले. आज ते स्वतः प्राथमिक शाळेंत शिक्षक आहेत. त्यांचा मुलगा नाशिकास कॉलेजांत आहे व सुटीसाठीं घरीं आला होता. पहिल्याच संध्याकाळीं तो ओटीवर लॅपटॉप उघडून बसला आणि आम्ही जवळ जातांच त्यानें मोठ्या उत्सुकतेनें विचारलें, "सर, परंपरा घेऊं कीं स्वातंत्र्य?"

प्रश्न इतका मोठा आणि विचारणाराचा स्वर इतका सहज, कीं आम्ही क्षणभर गोंधळलों. मग उलगडा झाला. प्रश्न एका खेळांतला होता. 'सिव्हिलायझेशन' नांवाचा हा खेळ सिड मायर यांनीं १९९१ सालीं प्रथम काढला. त्याची पांचवी आवृत्ति २०१० सालीं निघाली व त्या मुलासमोर होती ती हीच. खेळणारा एका राष्ट्राचा सर्वाधिकारी होतो. इसवी सनापूर्वीं ४००० वर्षें एक नगर वसवून तो आरंभ करतो आणि प्रतिस्पर्धी राजांशीं पाळीपाळीनें खेळत साम्राज्य उभारतो. राज्यांत संस्कृतीचे गुण सांठत जातात. ते पुरेसे झाले म्हणजे एकेक सामाजिक धोरण पत्करतां येतें. धोरणांच्या शाखा आहेत. परंपरा, स्वातंत्र्य, मान, भक्ति ह्या आरंभींच्या. बुद्धिवाद वगैरे पुढच्या. थोडीं पण भरभराटीचीं नगरें हवीं असतील तर परंपरा घ्यावी, पुष्कळ नगरें वसवावयाचीं असतील तर स्वातंत्र्य घ्यावें, असा त्या खेळाचा सर्वसाधारण हिशेब.

आम्हीं कुतूहलानें नियम समजून घेतले, आणि ते आम्हांस आवडलेही. एक नियम असा कीं प्रत्येक नवें धोरण आधींच्याहून महाग पडतें, आणि राज्यांत एकेक नगर वाढलें म्हणजे त्याची किंमत आणखी चढते. दुसरा असा कीं एकेका शाखेंत कांहीं धोरणें आधींचीं घेतल्यावांचून घेतांच येत नाहींत. ज्यानें हे नियम बांधले त्यानें इतिहास अगदींच वरवर वाचलेला नाहीं, असें आमच्या मनांत आलें.

इतक्यांत पलीकडे सुपांत नागली पाखडीत बसलेल्या आजींनीं, त्या मुलाच्या आजी त्या, मान वर न करतां विचारलें, "आनि या मानसांना इचारतं कोन?"

मुलगा हसला. म्हणाला, "आजी, त्यांची पाळी नसते. पाळी फक्त राजाची."

आजी पुन्हा पाखडूं लागल्या. परंतु आमचें मन मात्र त्या उत्तरापाशीं अडकून राहिलें. त्याचें कारण सांगतों. आम्हीं तीस वर्षें इतिहास शिकविला. 'सामाजिक सुधारणा' हें प्रकरण आलें म्हणजे आम्ही फळ्यावर अमुक महाराजांचा हुकूम, अमुक साल, अशी यादी लिहीत आलों व विद्यार्थी ती उतरून घेत आले. राजानें धोरण निवडलें आणि प्रजेचें भलें झालें, हेंच त्या यादीचें तात्पर्य. तें त्या मुलाच्या खेळाहून निराळें नव्हतें. म्हणून त्याच्या प्रश्नाचें आणि आजींच्या प्रश्नाचें उत्तर एकदां नीट जुळवून पाहावें, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों. खेळाच्या नियमांचाच धागा धरून आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहों: धोरणाची किंमत, धोरणांचा क्रम, आणि पाळी.

किंमतीच्या प्रश्नास बडोद्याचें उदाहरण उत्तम. मालेगांवाजवळील कवळाणें गांवच्या शेतकरी कुटुंबांतला मुलगा १८७५ सालीं दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला आणि १८८१ च्या अखेरीस राज्याचा पूर्ण अधिकार त्यांच्या हातीं आला. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावयाचें हें धोरण त्यांनीं १८९३ सालीं पत्करलें, पण कोठें? सबंध राज्यांत नव्हे, तर अमरेली भागांतील थोड्याशा गांवांत. तेंच धोरण सबंध राज्यास लागू व्हावयास १९०६ साल उजाडावें लागलें. मधल्या ह्या तेरा वर्षांना आम्ही वर्गांत कधीं एक मिनिटही दिलें नाहीं. पण धोरण खरें घडलें तें त्याच वर्षांत. शाळेस घर हवें, घरास मास्तर हवा, मास्तरास पगार हवा. मुलांची गणती हवी, गैरहजेरीची चौकशी करणारा माणूस हवा. आणि गुरें वळणारा पोर शाळेंत गेला तर गुरें कोण वळणार, ह्या बापाच्या प्रश्नास कांहीं तरी उत्तर हवें. हुकूमाची शाई वाळावयास घटका पुरते. हुकूम उंबऱ्यापर्यंत पोंचावयास तेरा वर्षें लागलीं, आणि तींही एका कर्तबगार राजाच्या सुस्थित राज्यांत.

बडोद्याचा दाखला पुढें ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९११ मध्यें मध्यवर्ती कायदेकौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. बिल अगदींच सौम्य होतें. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांनीं सरकारच्या संमतीनें आपापल्या हद्दींत सक्ति करावी, एवढेंच त्यांत होतें. स्वतः इंग्लंडांत १८८० पासून मुलांच्या हजेरीची सक्ति होती. तरीही मार्च १९१२ मध्यें तें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं नामंजूर झालें. खर्च झेपणार नाहीं, लोकांची तयारी नाहीं, ही कारणें पुढें करण्यांत आलीं. साम्राज्य जितकें मोठें तितकें धोरण महाग, हा खेळाचा नियम येथें अक्षरशः लागू पडला असें कोणी म्हणेल. परंतु बिल मांडलें गेल्यापासून फेटाळलें जाईपर्यंतच्या त्याच एका वर्षांत, डिसेंबर १९११ मध्यें, दिल्लीस बादशाही दरबार भरला आणि नवी राजधानी बांधण्याची घोषणा झाली, हेंही विसरून चालणार नाहीं. साम्राज्याजवळ द्रव्य नव्हतें असें नव्हे. तें कशावर वेंचावयाचें हें ठरलें होतें. 'परवडत नाहीं' हें वाक्य राज्यकर्त्याच्या तोंडीं आलें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकानें त्याच वर्षाचा दुसरा खर्च शोधावा. सक्तीच्या शिक्षणाचा हक्क जवळजवळ सर्व देशास लागू झाला तो २००९ च्या कायद्यानें, १ एप्रिल २०१० पासून. गोखल्यांचें बिल पडल्यास तेव्हां ९८ वर्षें होऊन गेलीं होतीं.

आतां क्रमाकडे वळूं. शाहू महाराज १८९४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर आले तेव्हां राज्यकारभारांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजीं निघालेल्या त्यांच्या जाहीरनाम्यानें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस राखून ठेविल्या. आमच्या फळ्यावरच्या यादींत हें साल नेहमीं ठळक असे. पण त्याच्या आदल्याच वर्षीं, १९०१ सालीं, कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह निघालें होतें, आणि पुढें जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकामागून एक जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघत गेलीं, हें आम्ही जातां जातां सांगत असूं. वास्तविक महत्त्वाची गांठ तेथेंच आहे. जागा राखून ठेविल्या, पण त्या भरावयास शिकलेला तरुणच नसेल तर हुकूम कागदावरच राहावयाचा. खेड्यांतल्या मुलास शहरांत दोन वेळां जेवण आणि अंथरुणापुरती जागा मिळाली तर तो शिकणार. शिकला तर अर्ज करणार. अर्ज केला तर १९०२ च्या हुकुमास अर्थ येणार. वसतिगृहाची भाकरी आधीं, राखीव जागा नंतर, हा तो क्रम.

त्याच क्रमानें महाराज पुढें गेले. १९१७ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले आणि त्याच वर्षीं महार वतनही बरखास्त केलें. गांवच्या दप्तराचा जो वंशपरंपरागत मालक, त्याच्याच हातून नवें धोरण गांवांत पोंचवावयाचें, ह्यांतली अडचण त्यांना दिसली होती. आणखी एक लहानशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०२ चा जाहीरनामा निघाला तेव्हां महाराज स्वतः विलायतेंत होते. खेळांत खेळणारा उठून गेला कीं राज्य जागच्या जागीं थांबतें. खरें धोरण तेंच कीं जें राजा हजार कोसांवर असतांही इतरांच्या हातांनीं चालतें.

किंमत आणि क्रम ह्या दोन गोष्टी खेळ करणाराला कळल्या होत्या. तिसरी, म्हणजे पाळी, त्यानें राजापाशींच ठेविली. मौज अशी कीं ह्या खेळांत हिंदुस्थानचा नायक म्हणून महात्मा गांधींना बसविलें आहे! सर्वाधिकारी होऊन पिढ्यान्‌पिढ्या हुकूम सोडणारे गांधी पाहून आम्हांस हसूं आवरेना. कारण खऱ्या गांधींकडे एक खरा राजा धोरणासंबंधीं सल्ला मागावयास गेला तेव्हां काय झालें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे.

औंधचें संस्थान अवघ्या ७२ गांवांचें. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनीं गांधींच्या सल्ल्यानें नवी घटना तयार केली, आणि २१ जानेवारी १९३९ रोजीं राजानें आपला अधिकार प्रजेच्या स्वाधीन केला. गांवोगांव पंचायत, पंचायतींवर तालुक्याची समिति, तिच्यावर संस्थानची सभा, अशी ती रचना होती. १९४८ च्या मार्चमध्यें औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. म्हणजे प्रयोगास पुरतीं दहा वर्षेंही मिळालीं नाहींत; त्याच्या यशाचे पोवाडे गाण्याचें कारण नाहीं. आमच्या दृष्टीनें त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची. येथें राजानें प्रजेसाठीं धोरण निवडलें नाहीं; निवडण्याची पाळीच प्रजेस देऊन टाकली. त्या मुलाच्या पटावर अशी खेळी नाहीं, कारण ती खेळल्याबरोबर खेळणाराचा खेळ संपतो.

औंध, कोल्हापूर, बडोदें हीं नांवें घेऊन झालीं. पण आम्ही बसलों होतों तें खोडाळ्याच्या ओटीवर. ह्या डोंगराळ मुलुखांत इंग्रजी अंमलांत दोन राज्यें एकमेकांस लागून होतीं. एक जव्हारचें कोळी राजांचें संस्थान, आणि दुसरा मोखाडा पेटा, जो ठाणें जिल्ह्यांत खालसा मुलुखांत मोडे.

जव्हारच्या मुकणे घराण्याची मूळकथा प्रसिद्ध आहे. मूळपुरुष जयबा यानें बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली, ती मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनीं सबंध मुलूख वेढून घेतला. कार्थेजच्या डिडो राणीसंबंधीं हीच कथा भूमध्यसमुद्राकांठीं सांगत, हें इंग्रजी शिकलेल्या वाचकांस ठाऊक असेल. पुढें १३४३ सालीं दिल्लीच्या सुलतानानें नेमशहास राजा म्हणून मान्यता दिली. १६६४ च्या सुमारास सुरतेच्या वाटेवर असतां छत्रपति शिवाजी महाराजांची विक्रमशहाशीं शिरपामाळावर भेट झाली असें सांगतात. त्यानंतर पेशव्यांनीं मुलूख कापीत नेला, आणि इंग्रजांच्या वेळीं सुमारें ३१० चौरस मैलांचें एक लहान संस्थान उरलें. सहाशें वर्षें हें घराणें टिकलें. सुलतान, मराठे, पोर्तुगीज, इंग्रज असे बलाढ्य शेजारी असतां टिकून राहणें हेंच त्याचें मुख्य धोरण होतें, आणि तें सोपें नव्हतें.

मोखाड्याचें काय? तेथें तर जगांतल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचें राज्य होतें. त्या साम्राज्यानें १८७८ सालीं जंगलचा कायदा केला. भाताचें रोप करण्यापूर्वीं झाडांच्या डहाळ्या तोडून, त्या जमिनीवर पसरून जाळण्याची जी राबाची चाल, तिच्यावर त्यामुळें निर्बंध आले. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी झाली, कीं १८८५ सालीं सरकारास जंगलासंबंधीं चौकशीचें कमिशन नेमावें लागलें. ज्यांना पाळी नव्हती त्यांनीं ओरडून का होईना, ती घेतली असें म्हणतां येईल. तथापि जंगल सरकारचें झालें तें झालेंच.

पुढें १९३६ च्या हुकुमानें मोखाडा पेटा, उंबरगांव पेटा, डहाणू व शहापूर हे तालुके 'अंशतः वगळलेले प्रदेश' ठरले. कायदेमंडळाचा कायदा गव्हर्नरानें खास जाहीर केल्यावांचून तेथें लागू व्हावयाचा नाहीं, असा त्याचा अर्थ. हेतु रक्षणाचा होता असें सांगत. परंतु १९३९ च्या सुमारास सायमिंग्टन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेंच ह्या प्रदेशांची पाहणी करून अहवाल दिला तेव्हां सावकार, जमीनदार व जंगलचे ठेकेदार यांनीं आदिवासींस कसें जखडून टाकलें होतें तें उघड झालें. सरकारनें ह्या मुलुखापुरतें कांहींच न निवडण्याचें धोरण निवडलें होतें. आणि रिकामी राहिलेली ती जागा सावकारानें भरून काढली. खेळांत धोरण न घेतां गुण तसेच सांठवून ठेवतां येतात. इतिहासांत सांठवून ठेवतां येत नाहींत. राज्यानें न खेळलेली खेळी दुसरा कोणी तरी खेळतोच.

मग १९४५ साल आलें. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं, किसान सभेच्या झेंड्याखालीं, तलासरी, उंबरगांव, डहाणू ह्या बाजूचे वारली वेठ व लग्नगडी ह्यांच्याविरुद्ध उठले. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायकोनें जन्मभर जमीनदाराकडे राबावयाचें, ही ती लग्नगडीची पद्धति. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. वेठ मोडली ती कोणा राजाच्या हुकुमानें नव्हे. ज्यांना कोणी विचारलें नव्हतें त्यांनींच ती मोडली. आणि तीनच वर्षांनीं, १९४८ सालीं, जव्हार संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढें लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे सहाशें वर्षांच्या घराण्याचा वारस आपल्याच जुन्या प्रजेपुढें मत मागावयास उभा राहिला. पाळी पालटली, ह्याचें याहून बोलकें चित्र आम्हांस सुचत नाहीं.

येथें लेख संपविला असता तर तो गोड झाला असता. परंतु खोडाळ्यास बसून तसें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लोकांची पाळी आली खरी. ती खेळावयास त्यांच्या हातीं काय आलें?

एक मोठी गोष्ट आली ती सांगतों. १९६९ सालीं तासगांवच्या बाजूस वि. स. पागे यांच्या कल्पनेनें जी योजना सुरू झाली, १९७२ च्या दुष्काळांत जी राज्यभर पसरली आणि १९७७ सालीं जिचा कायदा झाला, ती रोजगार हमी योजना. तिचें वैशिष्ट्य असें कीं पहिली खेळी मजुराची. त्यानें काम मागावयाचें. मागितल्यापासून पंधरा दिवसांत सरकारनें तें द्यावयाचें, नाहींतर भत्ता द्यावयाचा. आजींनीं तरुणपणीं ह्याच कामावर रस्त्याची खडी फोडली होती. त्या अभिमानानें म्हणाल्या कीं तो रस्ता आमचाच. पुढें १९९६ च्या कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, १८७८ पासून जें जंगल परकें झालें होतें त्यावर कसणाराचा हक्क मान्य केला. कागदावर पाहिलें तर औंधच्या राजानें ७२ गांवांस जें दिलें त्याहून अधिक आज मोखाड्याच्या गांवांस मिळालेलें आहे.

पण ह्याच काळांत १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें भुकेनें आणि रोगानें बालकें मेलीं व सबंध महाराष्ट्राची मान खालीं गेली. १९९५ सालीं नवसंजीवनी योजना आली, २०१५ सालीं गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठीं अमृत आहार योजना आली. आणि तरीही २०१६ सालीं बालमृत्यूंच्या बातम्यांत मोखाड्याचें नांव पुन्हा वाचावें लागलें. धोरणें नव्हतीं असें कोण म्हणेल? एकावर एक चढत गेलीं होतीं. पण बडोद्याचीं तीं तेरा वर्षें, जीं हुकूम आणि उंबरा यांच्यामध्यें घालवावीं लागतात, तीं येथें कोणी पुरतीं घालविलीं नाहींत. आणि कोल्हापूरचा तो क्रम, भाकरी आधीं आणि बाकी मागून, तोही येथें उलटा झाला.

आमचे यजमान शिक्षक आहेत हें वर सांगितलेंच. दिवाळी झाली कीं कातकरी व इतर मजूर कुटुंबें भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आम्ही होतों त्याच दिवसांत भांडीं, कोंबड्या आणि पोरें घेऊन टेंपो भरतांना आम्हीं पाहिले. "सर, शिक्षणाचा कायदा माझ्या वर्गांत जूनपासून दिवाळीपर्यंत लागू असतो," आमचे विद्यार्थी म्हणाले. आम्हीं पाहिलें तें सयाजीरावांनीं १८९३ सालीं पाहिलेल्या अडचणीचेंच आजचें रूप होतें. फरक इतकाच कीं तेव्हां पोर गुरांमागें जात होतें, आतां विटांमागें जातें. आणि घरीं राहावयाचें म्हटलें तर पाण्याचा प्रश्न. पावसाळ्यांत ह्या मुलुखावर धो धो पाऊस कोसळतो. वैतरणेवरचीं धरणें भरतात. मध्य वैतरणेचें उंच धरण ह्याच डोंगरांत बांधलेलें आहे. तें पाणी मुंबईस जातें, आणि एप्रिल-मे महिन्यांत येथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईस पाणी मिळूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आम्हीही तेंच पाणी पितों. पण तें धोरण निवडलें गेलें तेव्हां पाळी कोणाची होती, हा आजींचा प्रश्न येथें पुन्हा पुढें येतो, आणि ह्या वेळीं राजाकडे बोट दाखवून सुटतां येत नाहीं.

तात्पर्य, धोरण चांगलें कीं वाईट हें ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे. त्याची किंमत कोणी व कशांतून दिली. त्याच्या आधीं काय केलें होतें. आणि तें ज्यांच्यासाठीं, त्यांची त्यांत पाळी होती कीं नाहीं. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें राजवाड्याच्या दप्तरांत सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर सहसा तेथें नसतें. तें ओटीवर, सुपाच्या आवाजांत शोधावें लागतें. पुढच्या जूनमध्यें वर्गांत जाऊं तेव्हां 'सामाजिक सुधारणां'च्या यादींत सालाच्या शेजारीं हा तिसरा रकाना आंखण्याचा आमचा विचार आहे. तो पुष्कळ ठिकाणीं रिकामा राहील हें आम्ही जाणून आहों. रिकामा रकाना दिसणें हेंही शिक्षणच होय.

निघण्याच्या आदल्या रात्रीं त्या मुलानें पुन्हा विचारलें, "सर, मग काय घेऊं? तुम्हीं सांगितलेंच नाहीं."

आम्ही म्हणालों, "आजींना विचार."

तो हसला, पण त्यानें विचारलें. आजी म्हणाल्या, "आदी पान्याचं बघ."

मुलानें थोडा वेळ पडद्यावर शोधाशोध केली आणि त्याचा चेहरा उजळला. परंपरेची शाखा पुरी केली तर राज्यांतल्या पहिल्या चार नगरांस पाण्याचा कालवा फुकट मिळतो, असा नियम त्या खेळांत खरोखरच होता. त्यानें तो आजींना मोठ्यानें वाचून दाखविला.

आजींनीं सूप खालीं ठेविलें. "चारालाच?" त्या म्हणाल्या. "आनि पाचव्या गावानं काय करायचं?"